पाच नंबरमधली बाई

रविवार, १ डिसेंबर

पोहोचलो. मार्गासनीच्या पुढे वेल्ह्याच्या रस्त्यावर हे हॉटेल आहे. प्रेरणाने मोबाईलवर जे फोटो दाखवले होते त्यात नदी अगदी खिडकीखाली होती. प्रत्यक्षात खिडकीखाली मॅनेजरने लावलेली मेथी आहे आणि नदी खाचरं ओलांडून पार पलीकडे. भात काढून झालंय, नुसते बुडखे उभे आहेत. समोर राजगड. नूतन खिडकीशी जरा वेळ उभी राहिली, "छान आहे" म्हणाली आणि बॅग उघडायला लागली.

डायरी लिहायची सूचनाही लेकीचीच. "बाबा, आईशी बोलायला लागलात की तुमचं लगेच लेक्चर होतं. आधी लिहून काढत जा, मग बोला." मुलीने बापाला शिकवायचे दिवस आले. असो. तर जे आहे ते आधी स्वच्छ लिहितो.

दिवाळी झाल्यावर नूतनने सांगितलं की तिला यापुढे माझ्याबरोबर राहायचं नाही. भांडून नाही सांगितलं, मेथी निवडता निवडता सांगितलं. नाशिकला बहिणीकडे जाणार. कारण विचारलं तर म्हणाली, "घरात फार शांत असतं हो."

हे काय कारण झालं? मी जन्मभर कॉलेजचा ग्रंथपाल होतो. शांततेची किंमत काय असते ते मला विचारा. रिटायर झाल्यापासून आमचं घर मी देवळासारखं ठेवलंय. टीव्ही काढून टाकला, मिक्सर काय तो सकाळी एकदा, फोनवर बोलायचं तर गॅलरीत जाऊन. लोक यासाठी डोंगरात जाऊन राहतात!

प्रेरणा बंगलोरहून फोनवर रडली आणि मग तिनेच तोडगा काढला. आठवडाभर दोघांनीच कुठेतरी जाऊन राहायचं, नीट बोलायचं. पुढच्या रविवारी आई काय ते सांगेल, पुण्याला घरी की नाशिकला. मी 'ठीक आहे' म्हणालो. मला भीती वाटते आहे हे कुणाला बोललो नाही. इथे लिहिलं, संपलं.

आम्ही सहा नंबरात आहोत. शेजारची पाच नंबरची खोली रिकामी. हे उत्तम झालं.

सोमवार, २ डिसेंबर

पाच नंबर भरली. नुसती भरली नाही, ओसंडते आहे.

दुपारी जीपमधून बायका उतरल्या, पिशव्या, वळकट्या, एक सूप, एक डफ. आठवडाभर खाली जेवणाच्या हॉलमध्ये त्यांचं काहीतरी शिबिर आहे म्हणे, आणि संध्याकाळी सगळ्याजणी शेजारच्या खोलीत जमल्या. मी नूतनसमोर खुर्ची ओढून बसलो होतो. "आता आपण मोकळेपणाने बोलू या," एवढं म्हणतो आहे तोच भिंतीपलीकडे कोंबडा आरवला. खरा कोंबडा असता तर मी काही बोललो नसतो. बाई होती! तिच्यामागून म्हैस ओरडली, मग कुणीतरी बेडूक झालं, मग सगळ्या मिळून पाय आपटत "टमाट्याला टोपी, वांग्याला शेंडी" असलं काहीतरी म्हणायला लागल्या.

नूतनच्या ओठांचा कोपरा हलला. तिलाही त्रास होतो आहे हे माझ्या लक्षात आलं. ताडकन उठून खाली गेलो.

मॅनेजर नजीर म्हणून भोरचा माणूस आहे. शांत आहे, पण कामाचा नाही. म्हणाला, "बालवाडीच्या ताई हायेत साहेब, वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांवरच्या. रोज घरी जायचं म्हटलं तर एसटी गावत न्हाई, म्हणून संस्थेनं हितं उतरवल्यात. पोरांची गाणी पाठ करत्यात."

"मग पाठ मनातल्या मनात होत नाही का?"

"म्हैस मनातल्या मनात कशी व्हायची साहेब?"

उद्धटपणे नाही, अगदी मनापासून विचारलं त्याने.

मंगळवार, ३ डिसेंबर

संध्याकाळी पुन्हा तेच. मी भिंतीवर थापा मारल्या. पलीकडून लगेच तेवढ्याच थापा आल्या, वर टाळी आणि हशा. त्यांना वाटलं मी खेळतोय. पुन्हा जोरात मारल्या तर डफच सुरू झाला.

मग मी स्वतः गेलो. नूतन नको नको म्हणत मागून आली. दार उघडं होतं, आत चटईवर दहा-बारा बायका. शिकवणारी सुलक्षणा म्हणून एक तरतरीत मुलगी आहे, ती चटकन उठली, सॉरी म्हणाली. पण रतनबाई नावाची एक वयस्क मदतनीस आहे, पदर खोचून मधोमध उभी होती, तिने माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "सर, रागावू नगा. पोरांम्होरं लाजून चालत न्हाई. हितं लाज मोडली तरच तिथं पोरं हसत्यात."

मी म्हटलं, "लाज मोडा, पण शांतपणे मोडा." माझ्या वाचनालयात मी यापेक्षा कमी शब्दांत गप्प केलं असतं.

सुलक्षणा नूतनला म्हणाली, "ताई, तुम्ही पण शिकवता का? हाताने ताल धरला होतात म्हणून विचारलं."

"लग्नाआधी बालवाडी घ्यायचे. दोन वर्षं," नूतन म्हणाली.

मी हे पार विसरलो होतो. वडगावला होती ती बालवाडी, दोन बस बदलून जावं लागे. लग्नानंतर मीच म्हटलं होतं, कशाला दगदग. तिनेही सोडली, वाद घातला नाही. तेव्हा ती किती समजूतदार होती.

आवाज थोडा कमी झाला. आमचं बोलणं काही झालं नाही, कारण नूतनचं डोकं दुखत होतं.

बुधवार, ४ डिसेंबर

सकाळी नाश्त्यानंतर विषय काढला. मी काल कागदावर टिपणं काढून ठेवली होती. तिला म्हटलं, "तुझं म्हणणं काय आहे ते मुद्देसूद सांग. मी एकेका मुद्द्याचा विचार करीन."

"मुद्दे नाहीत."

"असं कसं? काही तरी असेलच."

"आहे. पण मुद्दे नाहीत," ती म्हणाली आणि पोह्यांवरचं खोबरं चमच्याने बाजूला काढत बसली. तिला खोबरं आवडतं असं माझं मत होतं.

दुपारी ती नदीकडे चक्कर मारून येणार म्हणाली. मी येतो म्हटलं तर म्हणाली, तुम्ही पडा जरा. पडलो. पण कसला पडतोय! आता यांनी दुपारी हॉल सोडून खोलीतच धिंगाणा मांडला आहे. आणि आज त्यांच्यात एक नवीन बाई आली आहे. बाकीच्यांचा हशा मला आता पाठ झालाय. ही वेगळी. ही हसायला लागली की थांबतच नाही. आधी बारीक खिंकाळते, मग श्वास अडकतो, मग घोरल्यासारखा आवाज करते आणि पुन्हा पहिल्यापासून. लाजलज्जा नाही. वयही काही लहान वाटत नाही आवाजावरून.

नूतन उन्हं कलल्यावर आली. चेहरा तुकतुकीत झाला होता. नदीची हवा तिला मानवते आहे. चपला मात्र स्वच्छ होत्या, म्हणजे रस्ता चांगला असावा.

गुरुवार, ५ डिसेंबर

असं चालायचं नाही. रविवार जवळ आला आणि आम्ही एक शब्द धड बोललो नाही. सकाळी एसटी पकडून नसरापूरवरून भोरला गेलो. दुसरं हॉटेल बघायचं ठरवून गेलो होतो. बाजाराच्या मागच्या अंगाला एक सापडलं, वरच्या मजल्यावर एकच खोली, शेजारी कुणी नाही, खाली गोडाऊन. मालक म्हणाला, "हितं मांजर बी येत न्हाई." मी लगेच खोली सांगून ठेवली. परतताना नूतनसाठी कंदी पेढे घेतले.

ती खोलीत नव्हती. पाच नंबरात ती बया खिंकाळत होती. मी कानात कापूस घालून बसलो.

रात्री जेवताना भोरच्या खोलीबद्दल सांगितलं. "उद्या सकाळीच हलू. तिथे टाचणी पडली तर ऐकू येईल."

नूतन म्हणाली, "मी नाही येत. मला इथे बरं वाटतंय."

"या गोंगाटात?"

"हो."

मला राग आला, पण गिळला. विषय बदलावा म्हणून त्या बाईचं सांगायला लागलो. म्हटलं, बाकीच्या परवडल्या, पण एक बया आहे ना त्यांच्यात, तिच्या घरचे तिला कसे सहन करत असतील देव जाणे.

नूतनचा घास हातातच राहिला. "कशी हसते?"

मी नक्कल करून दाखवली. खिंकाळणं, श्वास, घोरणं, सगळं. मला वाटलं ती हसेल. बऱ्याच दिवसांत मी असं काही केलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या ताई मात्र एकदम गप्प झाल्या आणि ताटात बघायला लागल्या. नूतन माझ्याकडे खूप वेळ बघत होती. मग विचारलं, "तुम्हाला इतका त्रास होतो त्या हसण्याचा?"

"होणार नाही? कुणालाही होईल."

तिने ताट सरकवलं. पेढेही घेतले नाहीत. पोट बिघडलं असावं, इथलं तेल जरा जड आहे.

शुक्रवार, ६ डिसेंबर

दोनदा डायरी मिटून ठेवली. तरी लिहितो, लिहिल्याशिवाय सुटायचं नाही.

आज मी एक वाक्य ठरवलं होतं. टिपणं, मुद्दे सगळं फाडून टाकलं. एकच वाक्य सांगायचं होतं. ते इथे लिहायलाही संकोच वाटतो. ती संध्याकाळी नदीवरून आली की दारातच सांगायचं, असं ठरवून मी खोलीत येरझाऱ्या घालत ते घोकत होतो. आणि पलीकडे ती बाई सुरू झाली. वाक्याचा पहिला शब्द उच्चारावा की ही खिंकाळणार. पुन्हा उच्चारावा, पुन्हा खिंकाळणार. माझं डोकं फिरलं. जिना उतरून नजीरला धरून आणलं.

"ती एक बाई बाहेर काढा. बाकीच्या राहू द्यात. ती हसणारी."

नजीर जिन्यातच थांबला. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "साहेब, जाऊ द्या की."

"मुळीच नाही."

"साहेब, ऐका माझं. चला, खाली चहा घेऊ."

"तुम्ही दार वाजवता की मी वाजवू?"

त्याने वाजवलं. हसू थांबलं. दार उघडलं तसा तो बाजूला झाला आणि खाली मान घालून म्हणाला, "सहा नंबरच्या साहेबांची तक्रार हाय. हसणाऱ्या ताईंची."

मग चटईच्या त्या टोकाला नूतन उठली. डोक्याला लाल कागदाचा तुरा बांधलेला, कोंबड्याचा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं ते अजून तसंच होतं. तिने तुरा सोडला, घडी घातली, रतनबाईच्या हातात दिला. माझ्या अंगावरून पुढे गेली आणि आमच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसली.

मी मागोमाग गेलो. म्हटलं, "अगं, भिंतीतून आवाज बदलतो. कसा ओळखणार?"

तिने केसांत अडकलेला लाल कागदाचा तुकडा काढला.

"तू नदीवर जाते म्हणाली होतीस. खोटं सांगायची काय गरज होती?"

मग तिने विचारलं, अगदी हळू, "शेवटचं कधी ऐकलं होतंत? माझं हसू?"

मी खूप आठवलं. खरोखर आठवलं. प्रेरणाचं बारसं, तिची दहावी, तिचं लग्न. लग्नात हसली होती का? फोटोत हसते आहे. पण फोटोला आवाज नसतो.

"नाही आठवत," मी म्हणालो.

"मलाही नाही आठवत," ती म्हणाली. "बुधवारी एकदम आलं. मीच घाबरले."

एवढंच. जे वाक्य सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

शनिवार, ७ डिसेंबर

पाच नंबर आज चिडीचूप आहे. माझ्यामुळे. ताई जिन्यात भेटल्या तरी चवड्यांवर चालतात, कुजबुजतात. इतकी शांतता मी माझ्या वाचनालयातही कधी मिळवली नव्हती, आणि मला ती दुपारपर्यंत सोसवेना. शेवटी त्यांच्या दारात गेलो आणि म्हटलं, "करा की काय करायचं ते. मोठ्यांदा करा. माझी हरकत नाही."

रतनबाई वळकटी बांधत होती. "झालं आमचं सर. उद्या जायाचं." मग जरा थांबून, "बाई लई गुणाच्या हायेत तुमच्या. पोरं नुसती अंगाखांद्यावर खेळतील."

"हो," मी म्हणालो.

संध्याकाळी नूतन स्वतःहून बोलायला बसली. विंझरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या बालवाडीची ताई बाळंतपणाला गेली, म्हणून शाळा बंद पडली आहे. सुलक्षणाने नूतनला विचारलं, उन्हाळ्यापर्यंत घ्याल का? रतनबाई त्याच वाडीतली, तिच्या घरी राहायची सोय होईल.

मी म्हटलं, "तुझे गुडघे? त्या चढाला झेपतील?"

"बघू."

"आणि आपलं काय? उद्या रविवार आहे."

"हो. उद्या रविवार आहे."

ती वाट बघत होती. मला दिसत होतं की ती वाट बघते आहे. हीच वेळ होती, भिंतीपलीकडे आवाज नव्हता, काही सबब नव्हती. मी सुरुवात केली, "तू नसलीस तर घर..." आणि तिथेच अडखळलो. तिने मान वर केली. मी घाईने वाक्य पुरं केलं, "...घर कोण बघणार?"

तिने मान हलवली, उठली आणि कपाटातले कपडे काढून घड्या घालायला लागली.

वाक्य जरा चुकलं. मला 'घर खायला उठेल' असं म्हणायचं होतं. तिला ते कळलं असेल. इतकी वर्षं बरोबर आहोत, अर्धं बोललं तरी कळतं.

रविवार, ८ डिसेंबर

सकाळी जीप आली. नूतन ताईंबरोबर वाडीवर गेली. शाळा बघायला.

निघण्याआधी तिने माझ्या गोळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. गॅसवाल्याचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये घालून दिला. घराची दुसरी किल्ली शेजारच्यांकडे असते तेही पुन्हा सांगितलं, जसं काही मला माहीत नाही. डाळी कुठल्या डब्यात ते सांगायला लागली तेव्हा मी म्हटलं, "अगं, शाळाच बघायला चालली आहेस ना?" तर डब्यांचं सोडून तिने बॅगेची चेन ओढली. स्वतःची बॅग सगळी घेतली. तिकडे वर थंडी असते, कपडे लागतात.

खाली जीपजवळ मला विचारायचं होतं. आज रविवार, आज ती सांगणार होती. पण सगळ्या ताई बसलेल्या, दहा जणींच्या देखत कसं विचारायचं? रतनबाईने सरकून जागा केली. नूतन चढली. मग वळून माझ्या बाहीवरचा काहीतरी धागा होता तो काढला. मी म्हटलं, "सांभाळून." ती म्हणाली, "येते हं."

येते म्हणाली.

आता हे मला कळतं की आपल्यात निघताना कुणीच 'जाते' म्हणत नाही. अशुभ मानतात. लेक सासरी जाते तेव्हाही 'येते'च म्हणते, आणि मुंबईला बदली होऊन गेलेला माणूसही 'येतो'च म्हणून गेलेला असतो. तेवढी भाषा मला येते. पण नुसतं 'येते' वेगळं आणि 'येते हं' वेगळं. 'हं' कुणी उगाच लावत नाही. तिला जायचंच असतं तर ती सरळ तसं बोलली असती. दिवाळीनंतर बोलली होतीच की सरळ.

प्रेरणाचा फोन आला. "बाबा, काय ठरलं? आई काय म्हणाली?"

"येते म्हणाली."

"असं म्हणाली? कुठे आहे?"

मी सगळं सांगितलं. जीप, वाडी, बॅग. बॅग सगळी नेली का, ते तिने दोनदा विचारलं. मग, "बाबा, तुम्ही जेवलात का?" आवाज बसला होता तिचा. बंगलोरला म्हणे थंडी पडली आहे.

दुपारी पाच नंबर झाडून काढली. दार सताड उघडं आहे, गाद्या उन्हात घातल्यात. आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मीही आमचं दार उघडंच ठेवलं आहे. वेल्ह्याकडून गाडी आली तर वळणावरच आवाज येतो, बंद दारातून तो कळला नसता.

चार वाजता नजीर वर आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "साहेब, नसरापूरपर्यंत रिक्षा सांगू का? एसटी मिळंल तिथून."

"नको. आजची रात्र राहतो. लागलं तर उद्याचीही."

त्याने पाच नंबरच्या उघड्या दाराकडे बघितलं. मग विचारलं, "रात्रीचं जेवण किती माणसांचं सांगू?"

"दोन," मी म्हणालो.